आईबाबा दोघांना बीपी, जेनेटिक रिपोर्टही 'हाय रिस्क'. मग मीठ कमी करून काही उपयोग आहे का?

विचारणाऱ्यांचं वय ३४. बाबांना ४१ व्या वर्षी बीपीची गोळी लागली आणि ५२ व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन डावी बाजू गेली, आईला पन्नाशीनंतर बीपी. स्वतःचं बीपी मागच्या तपासणीत १३४/८६ भरलं. लाळेवरून केलेल्या जेनेटिक टेस्टमध्ये 'उच्च रक्तदाबाची शक्यता सरासरीपेक्षा जास्त' असं आलंय, आणि सख्ख्या बहिणीची तीच टेस्ट 'कमी' आलीय. विचारलंय ते असं, की रक्तातच आहे तर मीठ कमी करून आणि चालून काय फरक पडणार, गोळी आत्ताच सुरू करावी का, आणि बहिणीने निर्धास्त राहावं का.

गेली २२ वर्षं मी मुख्यतः बीपीचेच पेशंट बघतोय आणि हा पहिला प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं, शब्द वेगळे असतात पण सूर तोच, की घराण्यातच आहे डॉक्टर, आपण काय करणार. मला या वाक्याची खरंच काळजी वाटते कारण ते बोलून झालं की माणूस मशीन लावणंच बंद करतो. म्हणून आधी उत्तर देतो. जीन तुमचा आकडा काही पॉइंटांनी वर ढकलतात. किती पॉइंट ते खाली सांगतो. पण तो आकडा तिथेच खिळवून ठेवायची ताकद त्यांच्यात नसते. दोनचार दुर्मिळ घराणी सोडली तर. आणि तुमचं घराणं त्यातलं आहे का हे बघायला लाळेची टेस्ट कामाची नाही, बाबांची जुनी फाईल कामाची आहे.

आता नीट सांगतो.

जुळ्या भावंडांवर आणि कुटुंबांवर जे अभ्यास झालेत त्यातून बीपीची आनुवंशिकता ३० ते ५० टक्के धरली जाते. हा आकडा वाचून लोक समजतात की माझ्या बीपीतला निम्मा भाग आईबाबांचा. तसं नसतं. एका समाजातल्या माणसामाणसांच्या बीपीमध्ये जो फरक दिसतो त्यातला साधारण इतका वाटा जीनमधल्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो आकडा सांगतो, एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. समजा सगळेच सारखं मीठ खायला लागले, सारखं चालायला लागले, तर उरलेला फरक जास्त करून जीनचाच दिसेल आणि टक्केवारी वाढेल, पण सगळ्यांचं बीपी मात्र तेव्हा कमी झालेलं असेल! म्हणून टक्केवारी जास्त म्हणजे हातात काही नाही, असा अर्थ काढू नका.

हा वाद जुना आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन मोठ्या डॉक्टरांमध्ये यावरून कित्येक वर्षं जुंपली होती. प्लॅट म्हणायचे की बीपी असणारे आणि नसणारे असे दोन वेगळे गट आहेत आणि मागे एखादाच जीन आहे. पिकरिंग म्हणायचे की बीपी उंचीसारखं सलग पसरलेलं असतं, मागे खूप छोटी छोटी कारणं आहेत, आणि 'बीपी आहे' ही रेघ आपण मारलेली आहे. पुढे जीन वाचायची सोय झाल्यावर पिकरिंग बरोबर निघाले, निदान ९५ पेक्षा जास्त टक्के लोकांच्या बाबतीत तरी. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सात आजारांवर पहिला मोठा जीनशोध झाला तेव्हा बीपीच्या बाबतीत खात्रीने म्हणावं असं एकही ठिकाण सापडलं नव्हतं, इतके ते परिणाम बारीक होते. २००९ पासून एकेक सापडायला लागली. २०१८ मध्ये दहा लाखांवर लोकांचा अभ्यास झाला आणि ठिकाणांची संख्या ९०१ वर गेली, आणि २०२४ मध्ये परत दहा लाखांवर लोकांच्या माहितीतून दोन हजारांवर वेगवेगळे फरक दाखवले गेले. यातल्या एकेका फरकाने वरचं बीपी किती हलतं? बहुतेक ठिकाणी एका पॉइंटपेक्षाही कमी. तुमच्या मनात 'बीपीचा जीन' असं जे चित्र आहे ना, तसा जीनच नाहीये, हजारो बारीक ढकलण्या आहेत, काही वर ढकलणाऱ्या काही खाली, आणि प्रत्येक माणसात दोन्ही असतात.

तुमचा रिपोर्ट म्हणजे या ढकलण्यांची बेरीज आहे. २०२४ च्या त्या अभ्यासात बेरीज सगळ्यात जास्त असणाऱ्या दहा टक्के लोकांचं वरचं बीपी सगळ्यात कमी बेरजेच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी जवळजवळ १७ ने जास्त होतं. १७ म्हणजे कमी नाही हो, एका गोळीने साधारण जेवढं उतरतं त्याहून जास्त आहे. पण हा फरक दोन टोकांमधला आहे आणि बहुतेक माणसं मध्ये कुठेतरी असतात, 'सरासरीपेक्षा जास्त' म्हणजे तुम्ही टोकाला आहात असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय या बेरजा ज्या लोकांवरून बसवल्या गेल्या ते मोठ्या संख्येने युरोपीय वंशाचे होते, आणि दुसऱ्या वंशाच्या माणसाला तीच बेरीज लावली की ती बरीच ढिली पडते. रिपोर्टमध्ये हे बारीक अक्षरात कुठेतरी दिलेलं असतं, ते शोधून वाचा.

बहिणीचं उत्तर इथेच येतं. सख्ख्या भावंडांत आईबाबांकडून आलेले सरासरी निम्मेच तुकडे सारखे असतात, त्यामुळे एकाची बेरीज जास्त आणि दुसऱ्याची कमी हे अगदी सहज होऊ शकतं, त्यात रिपोर्ट चुकलाय असं काही नाही. पण तिने निर्धास्त राहू नये. कमी बेरीजवाल्यांनाही बीपी होतं, वजन वाढलं, वय वाढलं, गरोदरपणात बीपी वाढून गेलं असेल, किडनीचं काही असेल, तर होतंच. आणि बाबांकडून जर एखादा दुर्मिळ मोठा दोष आला असेल तर ही टेस्ट तो सहसा बघतच नाही, तिच्याकडे तो आहे की नाही ते 'कमी' या शब्दावरून कळणार नाही.

आता मीठ आणि चालणं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

केनियातल्या लुओ लोकांवरचा एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गावाकडे राहणारे लुओ, त्यांचं बीपी कमी. त्यातले काही तरुण कामासाठी नैरोबीला गेले. संशोधकांनी गावात राहिलेल्यांना आणि शहरात गेलेल्यांना, दोघांनाही वेळोवेळी तपासलं, आणि शहरात गेलेल्यांचं बीपी वाढलेलं दिसायला वर्षं लागली नाहीत, पहिल्या काही महिन्यांतच फरक दिसला. लघवीत सोडियम वाढलं होतं, पोटॅशियम कमी झालं होतं, म्हणजे खाण्यात मीठ वाढलं आणि फळं-भाज्या-कडधान्यं अशा गोष्टी कमी झाल्या. जीन तेच, माणसं तीच, फक्त राहायची जागा आणि ताट बदललं. ज्यांना वाटतं की रक्तातच आहे त्यांनी हा अभ्यास डोळ्यासमोर ठेवावा.

आणि उलट बाजूने बघायचं तर ब्रिटनमधल्या पावणेतीन लाखांवर लोकांची माहिती २०१८ मध्ये तपासली गेली, त्यांना जीनच्या बेरजेप्रमाणे कमी, मध्यम, जास्त असं वाटलं आणि मग प्रत्येक गटात नीट राहणारे आणि न राहणारे अशी तुलना केली. वजन, खाणं, हालचाल, दारू, सिगारेट, लघवीतलं सोडियम हे सगळं धरून. जास्त बेरजेच्या गटातसुद्धा नीट राहणाऱ्यांचं वरचं बीपी साधारण ४-५ ने कमी होतं, म्हणजे जीन जड असणाऱ्यांनाही फायदा मिळाला. ४-५ ऐकायला थोडं वाटतं, पण ६ लाखांवर लोकांच्या औषधचाचण्यांची जी बेरीज २०१६ मध्ये झाली त्यात वरचं बीपी १० ने उतरवलं की हार्ट अटॅक, पॅरालिसिस वगैरे मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी झाल्या होत्या. तेव्हा ५ हा आकडा फेकून देण्यासारखा नाही, आणि तुम्ही तर १३४ वर आहात, तुमच्या बाबतीत ५ म्हणजे रेघेच्या या बाजूला की त्या बाजूला एवढा फरक आहे.

मीठच का, याचं उत्तर परत जीनमध्येच आहे. बीपीचे जे दुर्मिळ एकजीनी आजार आजवर नीट कळलेत ते बहुतेक सगळे एकाच जागी येऊन थांबतात, किडनीने मीठ किती परत आत घ्यायचं आणि किती सोडायचं तिथे. एक पेशंट सांगतो म्हणजे लक्षात येईल. २६ वर्षांचा मुलगा, बीपी १८०/११०, तीन गोळ्या चालू, तरी उतरत नाही. तक्रार काय तर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. जाड फाईल होती, मी एकेक कागद उलटत गेलो तर चार रिपोर्ट निघाले चार वेगवेगळ्या वर्षांचे, आणि चारही रिपोर्टमध्ये पोटॅशियमच्या पुढे तारा छापलेला, कमी. शेवटचं होतं २.९. चार वर्षं तो तारा कोणी धरलाच नव्हता, त्या वेळी तो ज्यांच्याकडे जात होता त्यांनीही नाही. विचारलं घरी कोणाकोणाला आहे, तर आईला तिशीत सुरू झालेलं, मामा पॅरालिसिसने चाळिशीत गेलेले. पिढीमागून पिढी सरळ उतरत आलेलं. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासलं, दोन्ही दबलेले. म्हणजे शरीर मीठ धरून ठेवतंय पण मीठ धरायला सांगणारं हॉर्मोन तर खाली आहे, मग सांगतंय कोण? कोणीच नाही, दारच उघडं अडकलंय.

याला लिडल सिंड्रोम म्हणतात, ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला. किडनीच्या नळीच्या शेवटच्या भागात सोडियम आत घेणारी दारं असतात, काम झालं की पेशी ती दारं पृष्ठभागावरून काढून घेते, आणि काढून घ्यायची खूण दाराच्या शेपटाकडे असते. या घराण्यांत ती शेपटीच बिघडलेली असते, त्यामुळे दारं निघतच नाहीत, मीठ आत येतच राहतं. १९९४ मध्ये हा दोष जीनमध्ये सापडला. लिडल यांच्या त्याच पहिल्या पेशंटची किडनी पुढे निकामी झाली, तिला दुसऱ्याची किडनी बसवली, आणि बीपी आणि पोटॅशियमची गडबड दोन्ही सुधारलं. दोष किडनीत होता, तो किडनीबरोबर गेला. माझ्या त्या मुलाला स्पायरोनोलॅक्टोन देऊन काही झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं कारण ती गोळी हॉर्मोनला अडवते, दाराला नाही. दार बंद करणारी अमिलोराइड सुरू केली, मीठ कमी करायला लावलं, आणि पाचव्या आठवड्यात तो १३२/८४ वर आला, बाकीच्या तीनमधल्या दोन गोळ्या सुटल्या. आईलाही बोलावून घेतलं, तिचंही तेच निघालं. अशा वेळी जेनेटिक टेस्ट खरी कामाला येते, एका नेमक्या प्रश्नासाठी, नेमक्या जीनची, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

आणि याचीच दुसरी बाजू, मला ती फार आवडते. २००८ मध्ये अमेरिकेत फ्रामिंगहॅमच्या लोकांमध्ये शोधलं गेलं की मीठ परत घेणाऱ्या जीनची एक प्रत बिघडलेली असेल तर काय होतं. दर ६४ माणसांमागे निदान एकात असा बदल निघाला आणि त्यांचं वरचं बीपी सरासरी ६ ने कमी होतं. जन्मापासून थोडं मीठ सांडणारी किडनी म्हणजे जन्मभराचं औषधच. तुमच्या किडनीला ही देणगी नसेल, पण कमी मीठ आत घालणं तुमच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, साधारण एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटातलं, बाहेरचं, वरून भुरभुरलेलं सगळं धरायचं.

घराण्यातून येतं ते सगळं जीनच असतं असंही नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात गेलेल्या माणसांच्या किडन्या मोजल्या गेल्या, बीपी असलेले दहा आणि त्यांच्याच वयाचे, बांध्याचे बीपी नसलेले दहा. एका किडनीतल्या गाळण्यांची संख्या बीपीवाल्यांत साधारण ७ लाख आणि बाकीच्यांत १४ लाख. निम्मी! या गाळण्या जन्माआधीच तयार होऊन संपतात, नंतर एकही वाढत नाही. पोटात असताना वाढ कमी झाली, वेळेआधी जन्म झाला, तर संख्या कमी राहू शकते. तेव्हा तुमचं जन्माचं वजन किती होतं ते आईला विचारून ठेवा, मी नव्या तरुण पेशंटला हे हमखास विचारतो. आणि एका घरात वाढलेली माणसं एकाच भांड्यातलं खातात, एकसारखी झोपतात, एकसारखी बसून राहतात, तेही वारशातच मोजलं जातं.

तरीही आईबाबांचा इतिहास हलका घेऊ नका, उलट माझ्या मते तो लाळेच्या टेस्टपेक्षा जास्त बोलतो कारण त्यात जीन, घर, सवयी सगळं एकत्र आलेलं असतं. अमेरिकेत ११६० वैद्यकीय विद्यार्थ्यांना, सगळे पुरुष, ५४ वर्षं बघत राहिले, त्यात आईबाबा दोघांना बीपी असणाऱ्यांना स्वतःला बीपी होण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली, आणि आईबाबांना ते लवकर म्हणजे ५५ च्या आत झालेलं असेल तर त्याहून बरीच जास्त. तुमचे बाबा ४१. म्हणून तुम्ही जास्त जोखमीत आहात हे खरंच आहे, रिपोर्ट आला नसता तरी मी तेच म्हटलं असतं.

गोळीचं. फक्त जेनेटिक रिपोर्टवरून मी आजवर एकालाही गोळी सुरू केलेली नाही, कोणतीही नावाजलेली गाईडलाइन तसं सांगत नाही. गोळी आकड्यावर चालते, आणि तुमच्याकडे आकडा एकच आहे, तोही घाईतल्या तपासणीत घेतलेला. हाताच्या दंडाला लावायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे हवा, जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटाच वर दाखवतो. लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा, बोलू नका, मोबाईल बाजूला. एक मिनिट अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते बीपी आहे असं धरायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, खाली असेल तर वजन, मीठ, चालणं, झोप यावर मन लावून काम करायचं आणि तीन ते सहा महिन्यांनी परत हेच सात दिवस. तुमच्या वयाला आणि बाबांच्या इतिहासाला मी वर्षातून एकदा मोजण्यावर थांबणार नाही. बहिणीलाही हेच सात दिवस करायला सांगा.

कोणती गोळी कोणाला लागू पडेल हे जीनवरून ठरवा असंही काही जण विचारतात. मेटोप्रोलॉलसारखी एखादी गोळी काही लोकांच्या लिव्हरमध्ये हळू फुटते आणि ते जीनवरून कळतं हे खरं, पण रोजच्या बीपीच्या उपचारात गोळी अजून मोजून बघूनच निवडली जाते, त्यासाठी पैसे खर्च करू नका.

त्याऐवजी साधं रक्त तपासा: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. घरचे आकडे वर आले तर रेनिन-अल्डोस्टेरॉनही करायला डॉक्टरांना सांगा, तुमच्या वयात ते मागणं योग्यच आहे. आणि बाबांची फाईल काढा. त्यात बघा की पॅरालिसिसच्या आधीच्या वर्षांत पोटॅशियम कमी होतं का, सोनोग्राफीत किडनीत बऱ्याच गाठी किंवा सिस्ट लिहिलेल्या आहेत का, कारण पॉलिसिस्टिक किडनी असेल तर ती प्रत्येक मुलाकडे निम्म्या शक्यतेने येते आणि किडनीचं काम बिघडायच्या कितीतरी आधी बीपी वाढवते. घाम, धडधड आणि डोकेदुखीचे एकदम येणारे झटके बाबांना किंवा काका-आत्याला होते का तेही विचारा. घराण्यात चाळिशीच्या आत मेंदूत रक्तस्राव झालेलं कोणी आहे का ते विचारा, कारण अल्डोस्टेरॉन जास्त बनवणारा एक आनुवंशिक प्रकार आहे, १९९२ मध्ये त्याचा जीन सापडला, त्यात तरुणपणीच असे रक्तस्राव होतात आणि त्याला अगदी थोडं स्टेरॉइड देऊन आवरता येतं. यातलं एक जरी हो निघालं तर तुम्ही आणि बहीण दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जा, मोजलेले आकडे आणि त्या जुन्या रिपोर्टचे फोटो बरोबर घेऊन.